ब्रेस्ट पंप, जेलच्या पट्ट्या आणि लॅनोलिन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बाळंतपणानंतर छाती भरून दगडासारखी होणे, स्तनाग्रांना चिरा पडणे आणि मधूनच एखादी दुखरी गाठ येणे, या तीन तक्रारींसाठी मी ज्या वस्तू घेतल्या, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे. हाताने दाबून चालवायचा ब्रेस्ट पंप, फ्रीजमध्ये गार करून लावायच्या जेलच्या गोल पट्ट्या आणि लॅनोलिनचे मलम, अशा त्या तीन वस्तू होत. बाळ आता मऊ भात खाऊ लागले आहे आणि अंगावर पिणेही चालू आहे, त्यामुळे कोणती वस्तू उपयोगी पडली आणि कोणती नुसती कपाटात राहिली, हे ठामपणे सांगता येते.

सर्वांत जास्त गुण जेलच्या पट्ट्यांना द्यावे लागतील, आणि विशेष म्हणजे तिन्हींत त्याच स्वस्त होत्या. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पान्हा भरून येतो तेव्हाचा ताठरपणा केवळ साचलेल्या दुधाचा नसतो. त्या भागात रक्तपुरवठा वाढलेला असतो, ऊतींमध्ये पाणी धरलेले असते, आणि सिझेरियनच्या वेळी सलाईन बरेच लागले असेल तर ही सूज अधिकच जाणवते. सूज आहे म्हटल्यावर गारवा उपयोगी पडणार, हे उघड आहे. पण आमच्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडीची सवय, त्यामुळे फ्रीजमधून पट्टी काढलेली पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, गार कशाला लावतीस? दूध आटंल की!" दूध आटले नाही. पाजून झाल्यावर जुन्या सुती पंचाच्या तुकड्यात गुंडाळलेली पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवली की ठणका उतरत असे. शेकाला अगदीच जागा नाही असे नव्हे; पाजण्यापूर्वी मिनिटभर कोमट कापड ठेवल्याने पान्हा सुटायला मदत होते, मात्र सुजलेल्या छातीवर तासभर गरम पिशवी धरून बसल्यास सूज वाढू शकते. कोबीची गार पाने लावण्याचा उपायही मी करून पाहिला. कपिलतीर्थ मंडईतून आणलेल्या गड्ड्याची पाने पट्टीइतकाच आराम देतात, पण अंगाला वास राहतो.

पंपाविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो घेताना बहुतेकींची अपेक्षा असते की छाती पूर्ण रिकामी केली म्हणजे दुखणे संपेल. शरीराचा हिशेब उलटा चालतो. जितके दूध काढले जाते, तितके पुढे तयार होते; म्हणून भरलेली छाती पंपाने वारंवार रिकामी केली, तर दुसऱ्या दिवशी ती अधिक भरते. माझ्या अनुभवात पंपाचा खरा उपयोग ताण उतरेल एवढेच थोडे दूध काढण्यापुरता आहे. त्या ताणामुळे स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग इतका कडक होतो की बाळाला तो तोंडात धरताच येत नाही, ते नुसत्या टोकाला चावते, आणि चिरांची सुरुवात तिथून होते. यावर एक बिनपैशाचा उपायही आहे : बोटांची टोके स्तनाग्राच्या मुळाशी गोल ठेवून मिनिटभर आतल्या दिशेने हलके दाबून धरायचे. त्या भागातील पाणी मागे सरकते, जागा मऊ पडते, आणि मग बाळ मोठा घास घेते. खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी छातीला टेकलेली दिसली की पकड नीट झाली असे समजावे. हे जमू लागल्यावर मला पंपाची गरज अर्ध्याहून कमी झाली.

पंपासोबत आलेले, छातीला लावायचे नरसाळे चोवीस मिलिमीटरचे होते. ते मला मोठे पडत असे. दांडा दाबला की स्तनाग्राबरोबर भोवतीचा भागही नळीत ओढला जाई आणि काढल्यावर लाल वळ दिसे. शिवणाच्या पट्टीने स्तनाग्राची रुंदी मोजली आणि लहान मापाचा सिलिकॉनचा तुकडा आत बसवला, तेव्हा ओढ सुसह्य झाली. सुरुवातीला भराभर आणि हलके, पान्हा सुटला की सावकाश आणि लांब दाबायचे, एवढे तंत्र पुरते. पूर्ण जोर लावण्याची आवश्यकता नाही. खरा दोष लहानशा पांढऱ्या व्हॉल्व्हचा आहे. चोचीसारख्या त्या सिलिकॉनच्या तुकड्याची कड धुताना थोडी जरी फाटली, तरी सगळी ओढ नाहीशी होते आणि पंपच बिघडला असे वाटते. विक्रेत्याने सुटा व्हॉल्व्ह देण्यास नकार दिला. शेवटी तो ऑनलाइन मिळाला.

काढलेले दूध मी वाटी-चमच्याने पाजले आणि पेटीतील बाटली बाजूला ठेवली. खोलीच्या तापमानाला, म्हणजे पंचवीस अंशांपर्यंत, ताजे दूध चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस ठेवता येते. पण कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी पंचवीस अंश कोठून आणायचे, त्यामुळे दूध थेट फ्रीजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे.

लॅनोलिनबद्दल माझे मत संमिश्र आहे. मेंढीच्या लोकरीतून मिळणारे हे मेण शुद्ध केलेले असेल तर पाजण्यापूर्वी पुसावे लागत नाही, ही सोय मोठी. थंडीत मात्र ते इतके घट्ट होते की बोटांत चोळल्याशिवाय पसरत नाही. पाजल्यावर स्वतःच्याच दुधाचा थेंब लावून वाळू दिला तरी जवळजवळ तेवढाच आराम मिळतो, आणि पकड चुकीची असेल तर दोन्हींनी चिरा भरत नाहीत. गळणारे दूध टिपण्यासाठी कपड्याच्या आत ठेवायचे पॅड सुती घ्यावेत. फक्त जुलै-ऑगस्टच्या पावसात ते वाळत नाहीत आणि ओलसर पॅडने त्वचा आणखी खराब होते, म्हणून मी ते इस्त्रीने वाळवत असे.

गाठीसाठी यांपैकी एकाही वस्तूवर विसंबू नये. मालिशवाल्या मावशींनी गाठ जोरात चोळून फोडण्याचा आग्रह धरला होता, तो मी नाकारला. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२ सालच्या सूचनांतही खोल मालिश आणि जास्तीचे पंपिंग टाळायला सांगितले आहे, कारण त्याने आतील ऊतींना इजा होऊन सूज वाढते. त्या बाजूने नेहमीप्रमाणे पाजणे, गार पट्टी आणि डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी, एवढ्याने माझी गाठ विरघळली. थंडी वाजून ताप आला, त्वचेवर लाल गरम चट्टा उठला किंवा दिवसभरात उतार पडला नाही, तर मात्र घरी न थांबता डॉक्टरांना दाखवावे. पू झाला तर काम वाढते.

नव्याने खरेदी करणारीने बाळंतपणापूर्वी फक्त जेलच्या पट्ट्या आणि चार सुती पॅड घ्यावेत. पंप पहिल्या आठवड्यानंतर, गरज दिसली तर, नरसाळ्याची निरनिराळी मापे आणि सुटे व्हॉल्व्ह मिळतात याची खात्री करून घ्यावा. नोकरीवर परतणार असल्यास तो लागतोच. माझ्या जावेने माझा वापरलेला पंप मागितला तेव्हा मी तिला पट्ट्या दिल्या, पंप दिला नाही, कारण त्याचे आतले सिलिकॉनचे भाग दुसरीने वापरण्याजोगे राहत नाहीत.