भोंग्यातून बास ऐकू येते का? नऊ महिने वाजवल्यानंतरचा अनुभव

गणपतीत बास गिटार, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, घेतली होती, आता मृग लागून राहिला, म्हणजे नऊ महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहिणारे लय असतात, नवा बैल पहिल्या दिवशी सगळ्यांचाच चांगला चालतो. मी मुद्दाम थांबलो. मंडईची (म्हणजे आमच्या गावजत्रेची) नाटकं झाली, लग्नाचे ऑर्केस्ट्रे झाले, १४ एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम झाला, दोन-चारदा फजिती पण झाली, म्हणून आता लिहून राहिलो.

आधी कुठं वाजवतो ते सांगतो, नाहीतर बाकीचं समजणार नाही. मी गडचिरोलीतल्या वडसा बाजूचा. इकडं झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की गावोगावी मंडई, दिवसा कुठं शंकरपट (बैलांची शर्यत) अन् रात्री नाटक, ते होळीपर्यंत चालते. संगीतवाले समोर बसतात अन् सगळं तिथल्या तिथं वाजते, ऑर्गन, तबला, ढोलक, आता ऑक्टोपॅड अन् कीबोर्ड. बास म्हणजे आजवर आमच्याकडं कीबोर्डवाल्याचा डावा हात. चार तारांची वेगळी गिटार घेऊन बसणारा आमच्या पार्टीत मीच पहिला, पहिल्या दिवशी पोट्टे विचारत होते की भाऊ, दोन तारा तुटल्या का.

घेताना सगळ्यात जास्त डोकं खाल्लं चार तारा का पाच तारा या प्रश्नानं. आमचे गायक कधी पांढरीत (पेटीच्या पांढऱ्या पट्टीचा सा धरून) गात नाहीत, बाप्यांची काळी एक नाहीतर काळी दोन अन् बायांची काळी चार-पाच, मग वाटलं पाच तारांची घ्यावी म्हणजे काळी एकचा खालचा सा मिळेल, चार तारांत तो नाहीच ना, खालची तार ई ला संपते. पण ई चाच आवाज ४१.२ हर्ट्झ (सेकंदाला इतके कंप, आकडा लहान तितका सूर खालचा), पाचवी बी तार तर ३०.९ हर्ट्झ, अन् आमच्या मंडपात जे स्पीकरचे डबे अन् भोंगे लागतात त्यातून ती काढणार कोण? पैसे द्यायचे अन् ऐकायचं फक्त आपल्या पोटानं. चारच घेतली. काळी दोन म्हणजे ए तारेवर सहावा फ्रेट (गळ्यावरचा लोखंडी पडदा), पाच अन् सातच्या ठिपक्याच्या मधोमध, अंधारात लय चुकायचो, मग गळ्याच्या बाजूनं तिथं पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. बहिणीची बाटली होती, अजून तिला माहीत नाही.

दुसरं, पॅसिव्हच घेतली, म्हणजे बिनबॅटरीची. ॲक्टिव्हमध्ये आत ९ व्होल्टची बॅटरी लागते अन् वायर खोचलेली राहिली की वाजवा का नका वाजवू, ती उतरतच राहते. रात्री दोनला, दुसऱ्या अंकाच्या मध्ये, एखाद्या खेड्यात चौकोनी सेल कुठं शोधता? पिकअप (तारांचा कंप पकडणारा भाग) प्रिसिजन पद्धतीचा, दोन तुकड्यांचा. अमेरिकेतल्या गिटारवाल्या लिओ फेंडरनं १९५१ ला प्रिसिजन (म्हणजे नेमकेपणा) बास काढली तेव्हा नाव त्याच्यासाठीच दिलं की उभ्या बासला पडदे नसायचे, याला आहेत, बोट ठेवलं की सूर नेमका. दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून आला, एका तुकड्यात शिरलेली घरघर दुसरा तुकडा खाऊन टाकतो. जॅझ बास (१९६० ची) आवाजाला जास्त गोड, हे मी मानतो, पण तिच्यात एक पिकअप कमी केला की घरघर सुरू, दोन्ही पूर्ण उघडले तरच जाते. अन् आमच्याकडची लाइन म्हणजे तुम्हाला माहीत आहे. त्यात गंमत अशी की लाइनची घुंई ५० हर्ट्झची अन् ई तारेवरचा तिसरा फ्रेट, जी, तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे मंडपात आधीच कोणी तरी बेसूर जी वाजवून राहिला असतो अन् आपण त्याच्या वरून वाजवायचं.

गिटार जुनी घेतली, नागपूरला एका पोराकडून, १२ हजारांत. कंपनीचं नाव नाही लिहीत, कारण त्याच्यावरूनच भांडणं होतात, अन् खरं सांगू का, या पैशात सगळ्या सारख्याच. नाव पाहण्यापेक्षा गळा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा तरी वाजवा, बटणं फिरवताना खरखर येते का ऐका अन् जॅकमध्ये वायर हलवून पाहा. मी शेवटचं केलं नाही. तिसऱ्याच नाटकात नायिका रडत असताना माझी बास "फट्ट" करून गेली, जॅकचा नट ढिला होऊन आतली तार तुटली होती. रेडिओ दुरुस्तीवाल्या काकानं २० रुपयांत डाग दिला, तेव्हापासून ठीक आहे. वजन चारेक किलो आहे, रात्रभर मांडीवर घेऊन बसायचं तर पट्टा रुंदच घ्या, बारीक पट्ट्यानं खांद्यावर वळ उठतो.

आता मुख्य गोष्ट. पहिले दोन प्रयोग मी अगदी गोल, जाड आवाज लावला, टोनचं बटण पूर्ण बंद, यूट्यूबवर ऐकतो तसा. मला लय भारी वाटत होतं. साउंडवाले काका मध्यंतरात आले अन् म्हणे, "अरे तुयी गिटार चालू हाय का बंद हाय बे? मागं काहीच येऊन नाही राहिलं." खरंच मागं जाऊन ऐकलं तर काहीच नाही. भोंग्यातून साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली फार काही निघतच नाही, माझा सगळा माल त्याच्या खाली. मग एका रात्री चुकून ड्राइव्ह (आवाज जरा फाडणारा इफेक्ट) चालू राहिला, थोडाच, अन् काका लांबून हात वर करून राहिले, आता येते! याचं कारण नंतर समजलं. ४१ चा सूर वाजवला की त्याच्या दुपटी-तिपटी पण वाजतात, ८२, १२४, १६५ अशा, ड्राइव्ह दिला की या वरच्या वाढतात, भोंगा त्या बाहेर टाकतो, अन् माणसाचा कान वरच्या ऐकून खालचा सूर आपोआप मनात धरतो. म्हणजे मागं बसलेल्या माणसाला जी बास ऐकू येते ती भोंग्यात नसतेच. हे मला नऊ महिन्यांतलं सगळ्यात मोठं शिक्षण वाटते, अन् हे कोणत्याच दुकानदारानं सांगितलं नव्हतं.

लग्नात याच्या उलट. तिथं डीजेचे अठरा इंची डबे, पोट्टे "बेस वाढव बेस वाढव" करत असतात, तिथं तोच आवाज दिला की मंडपाचे पत्रे वाजतात अन् सूर कोणता हे ब्रह्मदेवाला पण समजत नाही. तिथं ड्राइव्ह बंद, खालून ४० हर्ट्झपाशी काप, अन् कीबोर्डवाल्याला हात जोडून सांगायचं की डावा हात जरा उचल. शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे. आमचा कीबोर्डवाला महिनाभर बोलला नाही माझ्याशी.

पेडलांची गोष्ट म्हणजे माझ्या मूर्खपणाची गोष्ट. सुरुवातीला सुटे पेडल (पायानं दाबून आवाज बदलायचे डबे) घेतले, जुनेच, एक फझ (आवाज पूर्ण फाडणारं), एक ऑक्टेव्ह (खालच्या सप्तकातला सूर जोडणारं), एक कोरस (आवाज झुलवणारं). घरी हेडफोन लावून तिन्ही स्वर्ग. बिग मफ जातीचं फझ १९६९ पासून लोक वेड्यासारखं वापरतात, ते का हे एकट्यात वाजवलं की समजते. पण ढोलक सुरू झाली की फझ मधमाशीसारखं गुणगुणते अन् खालचं वजनच जाते, कोरा आवाज सोबत मिसळायची सोय असेल तरच बाससाठी घ्या. ऑक्टेव्ह पेडल आधीच खाली असलेल्या सुराच्या आणखी खाली जाऊ पाहते, ई तारेवर तर ते अडखळते, पाचव्या-सातव्या फ्रेटच्या वर बरं चालते. अन् कोरस एकाच भीमगीताला वापरला, त्याला मात्र जो काही झुलता आवाज आला ना, गायकानं वळून पाहिलं.

त्यातलं फझ मेलं. अडॅप्टर विसरलो म्हणून घरातल्या वायफायच्या डब्ब्याचा लावला, पिन बरोबर बसली. पेडलांना ९ व्होल्ट लागतात अन् मधली पिन मायनस, त्या अडॅप्टरचे १२ व्होल्ट अन् मधली पिन प्लस. जळक्या रबराचा वास आला अन् संपलं. अडॅप्टरवर गोलाचं चित्र असते, मध्ये प्लस का मायनस ते काढलेलं असते, ते पाहिल्याशिवाय काही खोचू नका.

मग झूम बी वन फोर (सगळे इफेक्ट एकाच डब्ब्यात) घेतलं, ते पण जुनंच, अन् हे मात्र नाव घेऊन सांगतो कारण मनापासून आवडलं. चार पेन्सिल सेलवर चालते, ही एकच गोष्ट आमच्यासाठी पुरे, लाइनच नाही तर लाइनची घुंई पण नाही. ट्यूनर आत, एकावेळी पाच इफेक्ट, ६८ ताल, ३० सेकंदांचा लूपर (वाजवलेलं परत परत ऐकवणारा). लोडशेडिंगमध्ये अंगणात खाटेवर बसून हेडफोनवर वाजवतो, आईला फक्त टकटक ऐकू येते. कितीतरी आवाज असतील त्यात, मी वापरतो तीन. नाटकाचा (कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून सारखा करणारा, अन् थोडा ड्राइव्ह), लग्नाचा (कॉम्प्रेसर अन् खालची काप), अन् एक कोरसवाला, गायकाच्या त्या नजरेसाठी. कॉम्प्रेसर ४ ला १ अन् अटॅक जरा संथ ठेवतो, म्हणजे बोटाचा ठोका आधी निसटून जातो अन् मग आवाज दाबला जातो, ढोलकच्या घुमाऱ्यासोबत तो ठोका पाहिजेच. सोबत एक साधा डीआय बॉक्स (गिटार अन् मिक्सरच्या मध्ये लावायचा डबा) घ्या, लांब वायरवर घुंई चढत नाही, अन् त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की कधी कधी जादू होते. बरं, ते बटण म्हणजे अर्थिंगचा इलाज नाही. ओठ माइकला लागून अन् हात तारांवर असताना झटका बसला आहे मला, तेव्हापासून टेस्टर खिशात.

तारांचं सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात घामानं तारा दोन महिन्यांत मुक्या होतात अन् नवा संच काही स्वस्त येत नाही. उपाय जुना आहे, तारा गुंडाळून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, मग पुसून उन्हात. मी आईच्या गंजात (पातेल्यात) टाकल्या. आई आली, झाकण उचललं, म्हणे, "बाप्पा, भाजी संपली का घरातली?" आठ-दहा दिवस छान वाजतात, मग परत तेच. आता वाटते की एवढं करण्यापेक्षा चपट्या तारा लावाव्या, त्या मऊ वाजतात अन् जुन्या झाल्या तरी फरक पडत नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवाला जेम्स जेमरसन त्याच लावायचा अन् वाजवायचा पण एकाच बोटानं. पण मग भोंग्यातून येतील का? त्या मऊ तारांत वरचं कमीच, हे अजून ठरलेलं नाही.

मे महिन्यात ब्रह्मपुरी-वडशाकडं पारा ४५ अंशांच्या वर गेला अन् गिटारचा गळा हलला. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तारा कुरकुर करायला लागल्या, फ्रेटची टोकं बाजूनं बोचायला लागली, लाकूड वाळून आत गेलं अन् लोखंड तिथंच राहिलं. ॲलन कीनं ट्रस रॉड (गळ्याच्या आतला लोखंडी दांडा) पाव फेरा ढिला केला, रात्रभर ठेवली, सकाळी ठीक. पाव फेऱ्याच्या वर एका दिवसात जाऊ नका, तो रॉड तुटला तर गिटार भिंतीवर टांगायची. टोकं बारीक कानशीनं घासली, मास्किंग टेप लावून. आता पावसाळ्यात हाच गळा उलटा खेळ करेल असं वाटते, बॅगेत चपलेच्या डब्ब्यातल्या त्या पुड्या टाकून ठेवल्या आहेत.

पंधरा-वीस दिवसांत रोवणी सुरू होईल, मग चिखलात हात जातात अन् बोटांचे घट्टे जे एवढ्या महिन्यांत जमले ते मऊ पडतात, दिवाळीआधी परत सुरुवातीपासून. ऑक्टेव्ह पेडल विकायचं आहे, खोक्यासकट, अडॅप्टर बरोबरचा देईन. कोरस नाही विकत.