अमेरिकेची निवडणूक टीव्हीवर: जाहिरातींसकट की जाहिरातींविना?

न्यू जर्सीतल्या चेरी हिलच्या एका ओळखीच्या जोडप्याला मताचा हक्क नुकताच मिळाला. आता भांडण रिमोटवरून. तो एबीसी-सीबीएस या मोठ्या नेटवर्क्सवाला. तिला जाहिरातींचा वैताग, म्हणून ती सी-स्पॅन लावते. निवाडा माझ्याकडे आला.

पक्ष आपला उमेदवार ठरवतात ती अधिवेशनं पाहायची तर ती जिंकली. सी-स्पॅन १९७९ मध्ये केबल कंपन्यांनीच सुरू केलं. केबलच्या बिलातले थोडे पैसे त्याला मिळतात, जाहिरात नसते, आणि सभागृहात जे चालतं ते सगळं दिसतं. मोठी नेटवर्क्स रात्री तासभर दाखवून मोकळी होतात. गंमत अशी की १९५२ मध्ये उलटं होतं. वेस्टिंगहाऊसला फ्रिज खपवायचे होते, म्हणून सीबीएसवर अधिवेशनं तासन्‌तास चालली आणि मध्ये मध्ये अभिनेत्री बेटी फर्नेस फ्रिजचं दार उघडून दाखवत राहिल्या. प्रायोजकामुळे राजकारण जास्त दिसलं, हे तिला अजून पटलेलं नाही.

उमेदवारांच्या डिबेटमध्ये मात्र चॅनल बदलून फारसं काही साधत नाही. केनेडी-निक्सनपासून, म्हणजे १९६० पासून २०२० पर्यंत, अंतिम उमेदवारांच्या डिबेटमध्ये जाहिरातींसाठी थांबत नसत. २०२४ मध्ये सीएनएनने अटलांटाला आणि एबीसीने फिलाडेल्फियाला नव्वद मिनिटांत दोन-दोन ब्रेक घेतले. ब्रेक कार्यक्रमातच शिवलेला, तो चुकवणार कसा? पण जुन्या डिबेटही काही सोवळ्यातल्या नव्हत्या. १९८८ पासून त्या भरवणाऱ्या आयोगाला कंपन्यांच्या देणग्या असत, बिअरवाली अ‍ॅनहायझर-बुश त्यात ठळक. तिसऱ्या उमेदवाराला वगळल्यावरून ओरड झाली तेव्हा २०१२ मध्ये फिलिप्सने अंग काढून घेतलं. जाहिरात दिसत नाही म्हणजे प्रायोजक नाही, असं नसतं.

पीबीएस हे सार्वजनिक चॅनल सी-स्पॅन आणि मोठ्या नेटवर्क्सच्या मधलं. ‘यांच्या सौजन्याने’ एवढंच म्हणतात. पण २०२५ च्या जुलैमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सार्वजनिक प्रसारणाचा सरकारी निधी काढून घेतला, त्यामुळे देणगीदारांकडे बघणं वाढणारच.

जाहिरातदार फोन करून बातमी फिरवतात, हे चित्र मला फारसं पटत नाही. प्रेक्षक खिळला की जाहिरातीचा भाव चढतो, एवढं पुरेसं असतं. सीबीएसचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेझ २०१६ मध्ये बोलूनच गेले होते: हा निवडणुकीचा तमाशा देशाच्या भल्याचा नसेलही, पण सीबीएसच्या मात्र फारच भल्याचा आहे.

आता त्याची बाजू. उमेदवाराची स्वतःची जाहिरात स्थानिक स्टेशनला कापता येत नाही, आणि मतदानाआधीचे साठ दिवस तिला सर्वांत कमी दर लावावा लागतो. सुपर पॅकला, म्हणजे उमेदवारापासून वेगळे राहून हवा तेवढा पैसा जमवून खर्च करणाऱ्या गटांना, ही सवलत नाही, त्यांची जाहिरात स्टेशन नाकारूही शकतं. ओळखायचं कसं? ‘ही जाहिरात मला मान्य आहे’ असं उमेदवाराच्या आवाजात ऐकू आलं तर ती त्याची. नाहीतर पैसा कुणाचा ते खालच्या बारीक अक्षरांत शोधायचं.

सी-स्पॅनवर यातलं काहीच दिसत नाही. चेरी हिलला तर फिलाडेल्फियाची चॅनल्स लागतात. न्यू जर्सीचं मत कुणी विकत घ्यायला बसलेलं नाही, पण निकाल कुठेही झुकू शकतो अशा शेजारच्या पेनसिल्व्हेनियाला पटवायला जे ओतलं जातं ते यांच्या दिवाणखान्यात फुकट येतं. ऑक्टोबरात संध्याकाळच्या बातम्या लावा, आणि ब्रेक लागला की आवाज बंद करू नका.