आठ महिने घरगुती मेकॅनिकी, २००३ची स्प्लेंडर आणि चेन कव्हरचं बूच

स्प्लेंडरची ओळख करून देत बसत नाही. ९७.२ सीसी, चार गिअर, चारही पुढे दाबायचे. आपल्याकडे निम्मी जनता तिच्यावरच गाडी शिकली आहे. आमची वडिलांनी २००३च्या दसऱ्याला घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर २०१८ला पुन्हा पासिंग केलं, मग २०२३ला, म्हणजे आता २०२८पर्यंत काळजी नाही. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर, कराडच्या आसपास, ऊसपट्ट्यातून.

जूनमध्ये एका गॅरेजला टाकली. तक्रार एकच, डाव्या बाजूने खडखड. दोन दिवसांनी फोन आला: टायमिंग चेन गेली, ती ताणून धरणारा टेन्शनर गेला, इंजिन उघडतोच आहे तर बोअर-पिस्टनही करून घेऊ, ६८०० रुपये. वर फुकटचा सल्ला, "काका, त्यापेक्षा विकून टाका." गाडी तशीच परत आणली.

येताना आगाशिव डोंगराच्या पायथ्याचा उतार लागतो. तिथे इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडायची माझी जुनी सवय (बायको याला चिक्कूपणा म्हणते, मी काटकसर म्हणतो). इंजिन बंद, तरी खडखड चालूच! टायमिंग चेन असते इंजिनच्या पोटात. इंजिन थांबलं की ती गप्प बसायला हवी. म्हणजे आवाज मागच्या चाकाच्या चेनचा. ६८०० रुपये त्या उतारावर वाचले.

घरी डबल स्टँडला लावून पाहिलं. चेन कव्हरच्या खालच्या पत्र्याला चेनचा ताण बघायला एक भोक असतं आणि त्यावर रबरी बूच. ते बूच गायब. कधी गेलं, कुणी घालवलं, देव जाणे. दर सर्व्हिसला कुणीतरी ते काढतं, सीटवर ठेवतं, गाडी पुसताना ते गटारात जातं. त्या उघड्या भोकातून बोट घातलं तर चेन चांगली पाच सेंटीमीटर वरखाली. पाहिजे दोन-अडीच. सैल चेन आतून पत्र्यावर आपटत होती, एवढंच.

काम पंधरा मिनिटांचं. मागच्या आसाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे चेन ताणायचे ॲडजस्टर सारखेच फिरवले, स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा जुळवल्या, चाक हाताने फिरवत तीन-चार ठिकाणी ताण बघितला, नट आवळला. चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही घट्ट होतो, तोही सैल करून घ्यावा लागतो. हे मला दुसऱ्या दिवशी ड्रम तापल्यावर कळलं. खर्च शून्य.

यानंतर माझ्या डोक्यात हवा गेली. वाटलं, या खडखडीचं मूळ कव्हरच आहे, कशाला हवाय हा पत्रा? १०च्या पान्याने बोल्ट काढले, दोन्ही पाळ्या माळ्यावर टाकल्या. चेन उघडी, तेल घालायला सोपी, गाडीही जरा तरुण दिसायला लागली. तेव्हा कुणी विचारलं असतं तर कव्हर काढा असंच सांगितलं असतं.

ते मत जुलैअखेर गेलं. आमच्याकडची काळी माती पावसात चिकटली की सोडत नाही. चेनवर चिखल, त्यात वाळू, वर मी बाटलीतलं इंजिनचं जळकं ऑइल ओतत होतो, फुकटचं म्हणून. त्या ऑइलमध्ये इंजिनची झीज होऊन आलेला धातूचा कीस असतो, म्हणजे मी चेनला पॉलिशपेपरच लावत होतो. सहा आठवड्यांत स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांचे, दाते करवतीसारखे झाले आणि तीन पँटींच्या डाव्या पायावर काळी नक्षी.

मग दुसरी हुशारी. ५५० रुपयांचा कुठल्याशा कंपनीचा चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) आणला. हजार-दीड हजार किलोमीटरमध्येच चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी ढिली. ताठ जागेवर ताण लावला तर बाकीची आपटते, ढिल्या जागेवर लावला तर ताठ जागा करकरते. शेवटी ११०० घालून चांगला सेट घेतला. ५५० अंगावर आले, अजून झोंबतात. नवीन घालताना एकच सांगतो, चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकच्या पट्टीचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवा. उघडं तोंड पुढे राहिलं तर लॉक भर रस्त्यात निसटू शकतं.

आणि कव्हर माळ्यावरून उतरवलं, डिझेलने धुतलं, परत बसवलं. तेल आता ९० नंबरचं गिअर ऑइल, थोडंसंच, दर पाचशे किलोमीटरला. तेव्हापासून चेनचा ताण फक्त दोनदा जुळवावा लागलाय. या गाडीतली सगळ्यात शहाणी वस्तू कोणती विचाराल तर मी इंजिन नाही, हे बंद कव्हर सांगेन. गावोगावच्या मातीत वर्षानुवर्षं चेन टिकते ती त्याच्यामुळे. नव्या गाड्यांच्या उघड्या चेनी बघून मला आता कसंतरी होतं.

बाकीची कामं थोडक्यात. गाडी बारा दिवस उभी राहिली आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकायला लागलं. आत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकली होती. कार्बोरेटरच्या वाटीत तळाशी पाण्याचा थेंब. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, ते पाणी ओढतं, म्हणून गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करा. वाटीचे फुलीचे स्क्रू आधीच कुणीतरी चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने खाल्लेले, एकाला एक तास गेला. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) थंड इंजिनवर फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून केले. तिसऱ्या प्रयत्नात जमले, पहिल्या दोनदा गाडी शिवणयंत्रासारखी वाजत होती. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. कागदी ऑइल फिल्टर या इंजिनला नाहीच, त्यामुळे ऑइल बदलण्याच्या बाबतीत मी चिक्कूपणा करत नाही.

आठ महिन्यांचा हिशोब: ऑइलच्या तीन बाटल्या ११४०, दोन चेनसेट १६५०, कार्बोरेटर किट १५०, पेट्रोल पाइप ४०, प्लग ९०, फीलर गेज १२०. एकूण ३१९०. नव्या नंबरप्लेटचे ५३१ यात धरले नाहीत, ती काही दुरुस्ती नव्हे.

राहिलं ते बूच. चार दुकानं फिरलो. एकाने सांगितलं, सुटं मिळत नाही, पूर्ण कव्हर घ्या. एका बुचासाठी कव्हर! आधी बाटलीचं झाकण लावलं, खड्ड्यात उडालं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, तेलाने सुटला. शेवटी बायकोची तुटलेली हवाई चप्पल घेतली, तळव्यातून गोल तुकडा कापला, भोकापेक्षा किंचित मोठा, आणि कडेने ब्लेडने खाच मारली. टपकन बसलं. चार महिने झाले, हललेलं नाही.

काळ्या कव्हरवर ते निळं बूच लांबूनही दिसतं. परवा पार्किंगमध्ये एक गृहस्थ थांबले, वाकून बघितलं आणि विचारलं, "दादा, हे कुठे मिळालं?" त्यांच्या स्प्लेंडरचंही भोक उघडंच होतं. दुसऱ्या पायाची चप्पल अजून माळ्यावर आहे. रविवारी त्यांच्यासाठी एक कापतोय.