क्रोएशियात शिडाच्या बोटीवर मित्रांसोबत: सहा-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आम्ही कोल्हापूरची मित्रमंडळी, त्यात दोन जोडपी, क्रोएशियाला जाऊन शिडाच्या बोटीवर राहून आलो. ट्रिपवरनं आल्या आल्या सगळेच लई भारी लई भारी म्हणतात, म्हणून मी लिहायचं मुद्दाम थांबवलं होतं. आता हिशोब मिटलेत, फोटो सगळ्यांचे बघून झालेत, तरी संध्याकाळी रंकाळ्यावर जमलो की विषय फिरून त्या बोटीवरच येतोय, तेव्हा आता जे लिहितोय ते टिकलेलं मत आहे असं समजा.

पहिल्यांदा मुद्द्याचं सांगतो, स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या माणसासकट, बोट घ्या. स्वतः चालवायची तर तिथं लायसन आणि व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरनं बोलायच्या, रेडिओचं सर्टिफिकेट मागतात, पण ते कुणाकडं असलं तरी पहिल्या खेपेला तिथलाच माणूस पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कारण वारा. तिथल्या वाऱ्यांना नावं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. बुरा म्हणजे ईशान्येकडून डोंगरावरनं खाली कोसळणारा, अचानक येणारा. जुगो आग्नेयेकडचा, तो ढग आणि मोठ्या लाटा घेऊन येतो. आणि उन्हाळ्यातला चांगला वारा म्हणजे माएस्त्राल, जमीन तापली की दुपारी वायव्येकडून सुरू होतो आणि सूर्य कलला की पडतो. सकाळी समुद्र काचेसारखा, इंजिनावर चालायचं, मग जेवणाच्या सुमाराला लांबवर पाण्यावर एक काळसर पट्टा दिसायचा आणि स्किपर म्हणायचा, चला. शीड वर चढलं, इंजिन बंद झालं, की एकदम जी शांतता व्हायची ना, फक्त पाण्याचा आवाज आणि दोरांची कुरकुर, त्यासाठी माणसानं एकदा जावं. बोट एका अंगाला कलते, आत टेबलावर ठेवलेलं सगळं घसरत जातं, पहिल्या दिवशी वहिनी घाबरल्या होत्या, तिसऱ्या दिवशी त्याच सुकाणू धरून उभ्या होत्या आणि द्यायला तयार नव्हत्या.

वेग म्हणाल तर पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. कमी वाटतो पण बेटं जवळजवळ आहेत, दोन-तीन तासात पुढचं बंदर येतं. दिवसाला यापेक्षा जास्त चालायचा प्लॅन कुणी देत असेल तर घेऊ नका, पोहायला आणि गाव बघायला वेळच राहत नाही.

आमचा रूट असा होता: स्प्लिट शहराजवळनं निघून ब्राच बेटावर मिल्ना, मग ह्वार बेटावर स्तारी ग्राद, तिथनं विस, परत येताना ह्वार गाव आणि शेवटी त्रोगिर. स्प्लिटला आदल्या दिवशी पोचा. रोमन सम्राट डायोक्लेशियननं इ.स. ३०५ मध्ये गादी सोडली आणि तिथं बांधलेल्या राजवाड्यात जाऊन राहिला, त्या राजवाड्याच्या भिंतीत आजही लोक राहतात, दुकानं आहेत, वर दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. आपल्याकडं भवानी मंडपात शिरलं की इतिहास आणि रोजचा धंदा एकत्र दिसतो ना, तसंच, फक्त हे सतराशे वर्षं जुनं.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते स्तारी ग्राद. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये पारोस बेटावरच्या ग्रीकांनी वसवलेलं गाव, आणि गावामागं जे सपाट रान आहे त्याची वाटणी तेव्हाच्या ग्रीकांनी केली ती दगडी बांधांसकट अजून दिसते, २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. एकेक तुकडा साधारण १८० मीटर बाय ९०० मीटर, म्हणजे चाळीस एकर. आमच्यातला एकजण शिरोळकडचा, ऊसवाला, तो त्या बांधावर बसूनच राहिला. चोवीसशे वर्षं झाली आणि बांध जागचा हलला नाही, हे त्याला पटेचना, आमच्याकडं तर म्हणाला दर पावसाळ्यात वीतभर सरकतोय. आत अजून द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकवतात. तिथं दोन तास तरी द्या, टूरवाले बहुतेक दाखवतच नाहीत.

विसला जुगो येणार म्हणून स्किपरनं शेजारच्या बिशेवो बेटावरच्या निळ्या गुहेचा बेत रद्द केला, दक्षिणेकडनं लाटा आल्या की गुहेचं तोंड बंदच ठेवतात. थोडा हिरमोड झाला पण तो दिवस विस बेट चालत बघण्यात गेला आणि तेच बरं झालं. युगोस्लाव्ह लष्कराचा तळ असल्यानं हे बेट १९८९ पर्यंत परदेशी लोकांना बंद होतं, डोंगरात पाणबुड्या लपवायचा बोगदा आहे, आणि युगोस्लाव्ह नेता टिटोनं १९४४ मध्ये जिथनं दुसरं महायुद्ध चालवलं ती गुहा पण आहे. मोठी हॉटेलं फारशी नाहीत ती त्यामुळंच.

आता बोट लावायचं काम, हे कुणी सांगत नाही म्हणून नीट लिहितो. धक्क्याला बोट मागच्या बाजूनं लावतात. स्किपर रिव्हर्स घेत येतो, मागं दोघं दोर घेऊन उभे, धक्क्यावरचा माणूस समुद्राच्या तळाशी बांधलेल्या दोराचं एक टोक वर धरतो, ते हुकानं उचलायचं आणि हातात धरून पळत बोटीच्या पुढच्या टोकाला न्यायचं आणि ताणून बांधायचं. तो दोर शेवाळानं बुळबुळीत असतो आणि त्याला बारके शिंपले चिकटलेले असतात, उघड्या हातानं ओढलात तर तळवे फाटतात. हातमोजे न्याच. साधे, बागकामाचे पण चालतात.

खाण्याचं: युरोपात मटण आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळं तूप, पेढे घरीच ठेवा. कांदा-लसूण चटणी, पोहे, शेंगदाणे बिनधास्त. तिथं कोकराचं मटण मस्त मिळतं आणि नारळाच्या दुधाचा डबा सुपरमार्केटमधे मिळाला, मिल्नाच्या धक्क्यावर तांबडा-पांढरा रस्सा दोन्ही झाला. स्किपर पावाला लावून तांबडा खात होता, डोळ्यातनं पाणी आणि तरी अजून वाढा म्हणतोय. स्वयंपाक मात्र बंदरातच करा, चालत्या बोटीत नको.

तक्रार एकच. चौथ्या दिवशी एका टॉयलेटचा पंप बंद पडला, आणि परत देताना कंपनीनं ते आमच्यावर ढकलून डिपॉझिट कापायला बघितलं. आमच्यातल्या डॉक्टरनं ताब्यात घेताना पूर्ण बोटीचा व्हिडिओ काढला होता, त्यात तो पंप पहिल्यापासून अडखळताना दिसतोय, म्हणून पैसे परत आले. तो व्हिडिओ काढल्याशिवाय सही करू नका.

घरी आल्यावर काय राहिलं, तर नजर बदलली. दिवाळीनंतर आम्ही गगनबावड्यावरनं खाली उतरून विजयदुर्गला गेलो. आधी कितीदा बघितलाय, पण यावेळी पहिल्यांदा तटबंदी सोडून वाघोटनच्या खाडीकडं बघत बसलो, वारा कुठनं येतो, गलबतं आत कुठं सुरक्षित राहिली असतील, आंग्र्यांनी गोदी खाडीत आत का केली. तिथं एड्रियाटिकला भरती-ओहोटी जेमतेम फूटभर, म्हणून घरं थेट पाण्याला लागून. आपल्याकडं पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं, म्हणून धक्क्याचं सगळं गणितच वेगळं. आणि सिंधुदुर्ग तर अठराव्या शतकात कोल्हापूरच्या गादीकडं होता, म्हणजे आपलं पण बंदर होतं हो, हे शाळेत शिकलेलं त्यादिवशी खरं वाटलं.

खर्च माणशी दोन-सव्वादोन लाख, विमान आणि व्हिसा धरून. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि युरो चालतो, त्यामुळं शेंगेन व्हिसाच काढायचा, त्याला तीस हजार युरोचा प्रवास विमा लागतो. बोटी शनिवार ते शनिवार मिळतात, महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाणार असाल तर गुरुवारीच निघा. कडक सुटकेस नेऊ नका, बोटीत ठेवायला जागा नसते, घडी होणारी बॅग पाहिजे. बोट लागत असेल, म्हणजे मळमळत असेल, तर गोळी निघायच्या आधी घ्या, लागायला लागल्यावर उपयोग नाही. जुलै-ऑगस्टला गर्दी आणि भाव दोन्ही डोक्यावर, आम्ही पुढच्या खेपेला सप्टेंबर धरलाय, दोन जागा शिल्लक आहेत, मित्रांपैकी कुणाला यायचं असेल तर पासपोर्टची तारीख बघून मला सांगा.