मळीच्या टाकीतलं रोटरी जेट हेड: वर्षभराच्या वापरानंतर

रोटरी जेट हेड, म्हणजे टाकीत फिरत चौफेर पाण्याची धार मारणारं नोझलचं तोंड, चांगलंय, पण टाकी साफ होते ती तळाच्या पंपामुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात, १२ मीटर व्यासाच्या मळीच्या टाकीवर हे चार नोझलचं हेड चालतं. ६ बार दाबाला ताशी साधारण १५ घनमीटर पाणी फेकतं. तेवढं पाणी बाहेर गेलं नाही तर फूटभर साचतं, धार त्या पाण्यावरच आपटते आणि तळाचा गाळ जागचा हलत नाही. ड्रेनला ताशी २० घनमीटरचा, गाळ ओढणारा पंपच लावा. साधा सेंट्रिफ्यूगल पंप तिथे मान टाकतो.

दाब वाढवून उपयोग नाही. फार चढवला की धार फुटून तुषार होतात, भिंतीवर जोर पडत नाही. पाणी मात्र ६० अंशांचं हवं, वाळलेला थर गार पाण्याला दाद देत नाही. गरम पाण्याची टाकी पंपापेक्षा वर ठेवा. खालून ओढायला लावलं तर पंप खडखडतो आणि इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) खाल्ला जातो.

खरी डोकेदुखी हेडमधल्या टेफ्लॉनच्या बुशची, म्हणजे फिरत्या भागाला आधार देणाऱ्या कड्याची. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. क्षाराचे कण हेड फिरवणाऱ्या गिअरमध्ये शिरतात, म्हणून हेडच्या अलीकडे ४० मेशचा (इंचाला ४० छिद्रांच्या जाळीचा) स्ट्रेनर हवाच. बुश चिंचोळी एमआयडीसीत टर्न करून घेता येतो, पण तो घट्ट बसवला तर गरम पाण्यात फुगतो आणि हेड अडकतं. टेफ्लॉन स्टीलपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. हाताने सहज फिरेल इतकी ढिलाई ठेवा. हेड अडकलं की पत्र्यावरचा सरकता आवाज एकाच जागी घुमत राहतो, बाहेर उभ्या माणसालाही कळतं.

शिडीमागे आणि हीटिंग कॉइलखाली धार पोचत नाही, तिथे हातजेटच. माणूस उतरवण्याआधी वायू मोजणारा मीटर दोरीने थेट तळापर्यंत सोडा; मॅनहोलवरचं रीडिंग फसवं. पातळ झालेली मळी आंबते, कार्बन डायऑक्साइड खाली बसतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणी उतरायचं नाही. ब्लोअर चालू आणि मॅनहोलशी एक माणूस, हे कायम.

पहिलं गोड धुवण डिस्टिलरीकडे वळवा, ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) एकदम सोडलं तर तिथले पाणी साफ करणारे जिवाणू निकामी होतात. पुढे धुवणाचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) बघत राहा, १ च्या खाली आला की पुरे. शेवटी हेड दहा मिनिटं साध्या पाण्यावर फिरवा, नाहीतर गिअरमध्ये मळी वाळून दगड होते.

सील किट हेडबरोबरच मागवा, हंगामाच्या तोंडावर पुरवठादार फोन उचलत नाही.