आढ्यावरचा टर्बो व्हेंटिलेटर : फेब्रुवारी ते ऑक्टोबरचा अनुभव

आमचं घर वेसाव्याच्या कोळीवाड्यात. वरच्या मजल्यावर पूर्वी मंगलोरी कौलं होती. गळतीला कंटाळून बाबांनी पत्रे घातले, खाली प्लायचं सीलिंग केलं आणि तेव्हापासून वरच्या खोलीत उन्हाळ्यात झोपायची सोय राहिली नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा आपसूक निघून जायची, आता ती पत्रा आणि सीलिंगच्या मधे कोंडते. मे महिन्यात रात्री दहाला सीलिंगला हात लावला तर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं ऊन लागायचं. एसी चालू असूनही आईचा डोळा पहाटेच लागायचा.

फेब्रुवारीत आढ्याजवळ 24 इंची टर्बो व्हेंटिलेटर बसवला. वीज लागत नाही, वाऱ्यावर फिरतो आणि आतली गरम हवा बाहेर ओढतो. बसवणारा पैसे घेऊन गेला आणि महिनाभर काडीचाही फरक पडला नाही. व्हेंटिलेटर गरगर फिरतोय, सीलिंग तापलेलंच. मार्चअखेर दादा सुट्टीवर आला. तो जहाजावर इंजिन रूममध्ये असतो. वर चढून त्याने पहिलाच प्रश्न केला, "अगं, हवा बाहेर जाईल, पण आत येणार कुठून?" वळचण, म्हणजे छपराची खालची कड, सिमेंटने गच्च बंद होती! बसवणाऱ्याने हे सांगायलाच हवं होतं, त्याचा मला अजून राग आहे.

हवेला किती वाट ठेवायची याचा हिशेब साधा आहे. सीलिंगच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी वाट, निम्मी खाली वळचणीला, निम्मी वर आढ्याजवळ. आमच्या 300 चौरस फुटांना 2 चौरस फूट पुरले असते, पण व्हेंटिलेटरचं तोंडच 3 चौरस फुटांच्या वर, म्हणून वळचणीलाही दोन्ही बाजू मिळून तेवढंच उघडलं. कबुतरं आणि उंदरांसाठी जाळी लावली. जाळीने वाट अडते, म्हणून भोकं थोडी मोठी ठेवली. सीलिंगमधल्या दिव्यांभोवतीच्या फटीही बुजवल्या, नाहीतर एसीची थंड हवाच वर ओढली जाते.

दुपारी तीनला पत्रा आणि सीलिंगच्या मधल्या पोकळीत आधी 51 अंश होते, नंतर तशाच उन्हात 42. गेल्या मेमध्ये 412 युनिटं आली होती, यंदा 347. दोन उन्हाळे सारखे नसतात हे मान्य, पण वाचलेली सगळी युनिटं 301 ते 500 च्या महाग टप्प्यातली. आणि आई आता रात्री दोनला एसी बंद करून झोपते, हे मला बिलापेक्षा मोठं वाटतं.

खोली गार झाली असं मात्र म्हणणार नाही. पत्र्याची धग किरणांनी थेट खाली येते, ती वाऱ्याने अडत नाही. मार्चच्या आत पत्र्यावर पांढरा रंग देणार आहोत.

जुलैच्या तिरक्या पावसात व्हेंटिलेटरच्या बुडाशी पाणी झिरपलं, सिलिकॉन पुन्हा भरावं लागलं. खाऱ्या हवेने बेअरिंगही कुरकुरायला लागलंय. दादा दिवाळीला आला की ते बदलायचं आहे.