कोळंबीच्या रक्ताची विकर-तपासणी: काम चोख, अहवाल अपुरा

संवर्धन तलावांतील व्हॅनामेई जातीच्या कोळंबीच्या रक्तातील फिनॉलऑक्सिडेज या रोगप्रतिकारक विकराची (एन्झाइमची) सक्रियता मोजून देणारी एका प्रयोगशाळेची सेवा मी हंगामभर वापरली. नमुना घेण्याचे कौशल्य वाखाणण्याजोगे आहे. पोटाच्या बाजूने काढलेले रक्त तंत्रज्ञ लगेच थंड, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटयुक्त द्रावणात मिसळतात. शरीराबाहेर आलेल्या रक्तपेशी पटकन फुटतात आणि मग विकर मोजणीआधीच सक्रिय होते, म्हणून ही तत्परता अनिवार्यच आहे.

कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. जिवाणूंच्या किंवा बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटक ओळखले गेले की प्रथिने तोडणाऱ्या विकरांची साखळी रक्तपेशींतील निष्क्रिय प्रोफिनॉलऑक्सिडेजला जागे करून फिनॉलऑक्सिडेज बनवते, त्यातून क्विनोन ही विषारी संयुगे तयार होतात आणि शेवटी काळे मेलॅनिन जंतूला वेढून टाकते. प्रयोगशाळेत एल-डोपा (या विकरामुळे रंगीत होणारे संयुग) घालून उमटणारा रंग 490 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजला जातो. पाण्यात अमोनिया वाढला, प्राणवायू घटला किंवा खारटपणा एकाएकी बदलला, की रक्तपेशींची संख्या आणि ही सक्रियता बहुधा खालावते व रोगकारक व्हिब्रिओ जिवाणूंना वाव मिळतो. कोळंबी वरवर धडधाकट दिसत असतानाही हा ताण आकड्यांत उतरू शकतो, हे या तपासणीचे खरे मोल आहे.

अहवालाबाबत मात्र माझी ठाम नाराजी आहे. कोळंबी कात टाकण्याच्या कोणत्या अवस्थेत होती याची नोंद त्यात नसते, वास्तविक रक्तपेशींची संख्या त्या चक्राबरोबर बदलते. शिवाय आकडा वर गेला की सरसकट ‘उत्तम’ असा शेरा मारला जातो, जो मला घातक वाटतो: क्विनोन स्वतःच्या ऊतींनाही इजा करतात आणि सतत भडकलेली प्रतिकारयंत्रणा वाढीसाठी लागणारी ऊर्जा खाते. एकूण रक्तपेशी, रक्तातील ग्लुकोज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज (घातक ऑक्सिजन-कण निष्प्रभ करणारे विकर) या मोजण्या वेगळ्या मागाव्या लागतात. त्या मूळ संचातच असायला हव्यात.

तलाव निरोगी असतानाचा नमुना आधी देऊन पुढे त्याच्याशीच तुलना करणाऱ्यांना ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. मरतूक सुरू झाल्यावर मात्र पहिला नमुना विषाणूंच्या पीसीआर चाचणीला पाठवावा.